सोडून राहिलो

आमच्या घरात विमानाला कोणी विमान म्हणत नसे. आई ‘ते तुझं’ म्हणायची. ‘ते तुझं पलंगावरून उचल, चादर बदलाची हाय.’ बाबा त्याला भिंगरी म्हणायचे, आणि ज्या सुरात म्हणायचे त्यावरून त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक किती आलं ते कळायचं. पंख जोडले की भिंगरी पलंगाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायची, म्हणून पलंगावर ती निजायची आणि खाली सतरंजीवर मी. घरी आलेल्या पाहुण्याला हे चमत्कारिक वाटे. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पडली तर तिचा पंख मोडणार होता, माझं काय मोडणार?

गोंदियात आमचं दुकान खाली आणि घर वर. धानाच्या गिरण्यांना लागणारे पट्टे, बेअरिंग, रबरी रोल, नटबोल्ट असलं सगळं बाबा विकायचे. गिऱ्हाईकाशी हिंदी, आईशी झाडीबोली आणि बँकेच्या साहेबाशी छापील मराठी, अशा तीन भाषा ते एकाच खुर्चीत बसून बोलत. मी दुकानात मदत करायचो असं आई नातेवाइकांना सांगायची. खरं तर दुकानातला माल हळूहळू वर चढत होता. बेअरिंगच्या पेटीतल्या वॉशरी, पॅकिंगची पट्टी, बारीक स्क्रू यांचे पाय आपोआप जिन्याकडे वळत. भिंगरीचं इंजिन गवत कापायच्या यंत्राचं होतं. ते गच्चीवर सुरू केलं की पलीकडच्या गिरणीचा आवाज दबायचा आणि गिरणीचा मालक खिडकीतून विचारायचा, “क्यों भाई, आज कहाँ जा रही है सवारी?”

सवारी कुठे जात नव्हती, हेच माझं दुःख होतं. माझं विमान नुसतं उडायचं विमान नव्हतं, ते ओढायचं विमान होतं. टो प्लेन. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्याला आपल्या बळावर वर जाता येत नाही. मग इंजिनवालं विमान त्याला दोरीने ओढत उंच नेतं, वर नेऊन दोरी सोडतं आणि आपण गुपचूप खाली येतं. पुढे तरंगायचं ते ग्लायडरने. नवरीला मांडवापर्यंत पोचवून मागे सरणाऱ्या मामाचं काम ते. मला हे काम का आवडलं, ते मला सांगता येणार नाही. पण अख्ख्या जिल्ह्यात ग्लायडर असलेला एक माणूस नव्हता, आणि मामा तयार असून नवरीच नाही अशी माझी गत होती.

सगळी गंमत होती ती दोरी सोडण्याच्या खटक्यात. त्याचं नाव टो रिलीज, पण आईने त्याला ‘सुटका’ म्हटलं आणि तेच रुळलं. जुन्या रेडिओच्या एरियलची पितळी नळी घेतली, तिला मधे खाच पाडली, आत सायकलचा स्पोक सरकेल असा बसवला. दोरीच्या टोकाचा फास खाचेत घालायचा आणि स्पोक त्या फासातून आरपार न्यायचा. रिमोटचं बटण दाबलं की सर्वो, म्हणजे आतली छोटी मोटर, स्पोक मागे ओढते. फास मोकळा, दोरी सुटली, खट्. सांगायला एवढंच. पण दोरीवर ताण आला की स्पोक नळीत दातखिळी बसल्यासारखा बसायचा. मी त्याचं टोक घासून गोल केलं, नळी चकाकवली, आणि ताणाची परीक्षा घ्यायची म्हणून भिंगरी जिन्याच्या कठड्याला बांधून तिच्या दोरीला आईचा पितळी गुंड पाण्याने भरून लटकवला. बटण दाबलं. सुटका झाली. गुंड जिन्यावरून टप्पे घेत थेट दुकानात गेला आणि बाबांच्या पायाशी रिकामा झाला. गिऱ्हाईक हसलं. बाबा ओरडले, “तुले दोरी सोडाची हाय का माझा जीव?”

सुटका आधी मी शेपटीला बसवली होती. दोरी मागेच असते, तर खटकाही मागे, असा माझा सरळ हिशेब. ग्लायडर नव्हतं म्हणून मी एक रिकामं पोतं ओढून पाहिलं. पोतं वाऱ्याने फुगलं, वर उठलं, त्याने शेपूट वर खेचली आणि भिंगरी नाक खाली करून शेजाऱ्यांच्या तणशीच्या ढिगात घुसली. त्यानंतर सुटका पंखाच्या जरा मागे, पाठीवर आणली. आतून प्लायवूडचा तुकडा चिकटवला आणि चार स्क्रूंनी पक्की केली. तिथून ओढलं की मागचं कितीही वरखाली झालं तरी शेपूट शाबूत राहते. हल्ली आमच्याकडे धानावर औषध फवारायला ड्रोन येतो आणि शेतातली पोरं मान वर करूनही पाहत नाहीत. तेव्हा मात्र त्या पोत्याची कथा पार आमगावपर्यंत पोचली होती, आणि तिथे माझ्या लग्नाची बोलणी चालू होती.

ती बोलणी अर्थातच मोडली. त्याआधी देवरीचं एक स्थळ मोडलं होतं, कारण मुलीचे काका अंधाऱ्या खोलीत पलंग समजून पंखावर बसले. मी धावत गेलो तो आधी पंख पाहायला, काकांना नंतर. ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली. आईने आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडला जाऊन नवस बोलला, महादेवालाही आणि खाली दर्ग्यातही, कोणाकडून काम होईल सांगता येत नाही म्हणून. बाबांनी नवस केला नाही, त्यांनी निकाल दिला.

“आता एक स्थळ येऊन राहिलं. हे बी मोडलं, तर भिंगरी भंगारवाल्याच्या गाडीवर. समजलं?”

“समजलं.”

“आन् गुंड बी तुयाच्याच पैशानं नवा आनाचा.”

ते येऊ घातलेलं स्थळ पुण्याचं होतं. मुलीचे वडील ताराचंदजी मूळचे आमच्याच मुलखातले. तरुणपणी नोकरीला पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. झाडीबोली त्यांनी गाडीतच ठेवली असावी, कारण फोनवर ते ‘आपली हरकत नसल्यास’ असं बोलत आणि बाबा फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहत. मुलीचं नाव केतकी. तिच्या माहितीच्या कागदावर आवडीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ग्लायडर उडवणे’. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

“हे बी?” एवढंच ते म्हणाले.

आई म्हणाली, “म्हणजे पलंग आता दोन लागन.”

मला त्या रात्री झोप आली नाही, हे कबूल करायला या वयात कसली लाज? दोन्ही घरच्या परवानगीने आमचे फोन सुरू झाले. पहिल्याच फोनला केतकीने विचारलं, “तुमचा टो रिलीज कुठे बसवलाय? शेपटीला नाही ना?” मी पोत्याची सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली की मी हरलोच. तिच्याकडे ग्लायडर होतं, पण ते वर न्यायला कोणी नव्हतं. टेकडीवरून हाताने फेकायची आणि मिळेल तेवढ्या वाऱ्यावर समाधान मानायची. मला ती हवी होती. ग्लायडरसाठी नव्हे, किंवा निव्वळ ग्लायडरसाठी नव्हे.

एकच गोष्ट मला खटकायची. तिचा फोन नेमका जेवायच्या वेळी यायचा. “काय करताय?” ती विचारायची. मी म्हणायचो, “जेवून राहिलो.” ती म्हणायची, “वा, मग निवांत आहात,” आणि सर्वोपासून सुरू करायची ती गोंदपर्यंत जायची. ताटातलं वरण थिजायचं, भाताचे गोळे व्हायचे, आई दारातून हाताने खुणा करायची. शेजारच्या खोलीतून बाबा म्हणायचे, “पुन्याची मानसं उपाशी मानसाशीच बोलतेत का गा?” मला वाटायचं, पुण्यात असंच असेल. आपण कशाला विचारायचं?

पाहुणे आले ते धान कापून झाल्यावर, थंडीत. कार्यक्रम गावच्या शेतावर ठेवला, कारण धावपट्टी तिथे होती. धावपट्टी म्हणजे एकमेकींना लागून असलेल्या आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांच्यातले मी छाटलेले धुरे, म्हणजे बांध. धुरा छाटलेला पाहून बाबांनी दोन दिवस अबोला धरला होता. “पुढच्या साली पानी का तुया विमानात थांबन?” पण मुलीकडच्यांसमोर त्यांनीच ऐटीत सांगितलं, “हे आमचं रनवे.” पलीकडे बोडी होती, आमची पाणी साठवायची तळी. ती शिंगाड्याच्या वेलाने हिरवीगार झाकलेली होती, आणि किसन नावाचा आमचा ढिवर, म्हणजे मासे धरणारा, डोंग्यात बसून शिंगाडे काढत होता.

आईने चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी आणि गरम भात केला होता. ताराचंदजींच्या पानात तिने भाजी वाढली आणि प्रेमाने म्हणाली, “पोपट घ्या ना जी. सकाळीच तोडला.”

केतकीचा घास हातातच राहिला. ती हळूच माझ्याकडे झुकून म्हणाली, “पोपट तोडला?”

“हो. वेलावरचा.”

तिचा चेहरा अजूनच पडला. मग तिला भाजीतल्या शेंगा दिसल्या आणि ती म्हणाली, “अहो, हा तर पावटा!” ताराचंदजींनी मात्र पोपट चार वेळा मागून घेतला आणि दर खेपेला ‘आभारी आहे’ म्हटलं. आई आभाराला इतकी घाबरली की तिने वाढायचंच थांबवलं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं धुऱ्यावर शेजारी शेजारी उभे राहिलो, हातात आपापला रिमोट. केतकीचं ग्लायडर पांढरं, लांब पंखांचं, नाजूक. भिंगरीशेजारी ते गिरणीत आलेल्या शहरी पाहुण्यासारखं दिसत होतं. केतकीने सुटका पाहिली, स्पोक बोटाने मागेपुढे करून पाहिला आणि “सुरेख केलंय” म्हणाली. मला तिथेच बसून घ्यावंसं वाटलं.

मग तिने पद्धत ठरवली. “एरवी ग्लायडरच आधी सुटतं. पण आज तुमची सुटका बघू. दोर तुम्ही सोडा. सोडला की मला सांगा, मग मी वळेन. दोर माझ्याकडे लटकत राहील, तो मी नंतर शेतात टाकते. पण सोडल्याशिवाय सांगू नका हं, बांधलेलं असताना वळलं तर दोन्ही जातील.”

“तशी भीती नाही,” मी म्हणालो, “दोरीत कच्चा धागा घातला आहे.” हाही एक उपाय असतो. दोरीत मुद्दाम एक तुकडा कमजोर ठेवायचा, म्हणजे भलता ताण आला की तो तुटतो आणि विमानं वाचतात. बाबा मागे खाटेवर ताराचंदजींच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त भंगारवाल्याच्या गाडीचं हँडल धरल्यासारखे हात केले.

इंजिन घुमलं. भिंगरी धसकटांवरून उड्या मारत धावली, मागे पांढरं ग्लायडर हळूच उचललं गेलं आणि मग दोघंही वर. काय दिसत होती ती दोघं! भिंगरी खरखरत पुढे आणि मागे आवाज न करता ते, मधे ताणलेली दोरी. किसनने शिंगाडे सोडून डोंग्यात पाठ टेकली. आईने पदर तोंडावर धरला. केतकी म्हणाली, “आणखी थोडं… आणखी… आता!”

मी बटणावर अंगठा ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “सोडून राहिलो!”

आणि ती वळली.

मी तेव्हा सोडत होतो. अंगठा दाबला जात होता. पण ग्लायडर बाजूला वळताच दोरी आडवी झाली, फास नळीच्या कडेला रुतला आणि स्पोक अडकला. पितळी गुंड सरळ खाली ओढतो, आडवा ओढत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी बटण दाबत राहिलो. कच्चा धागा आता तुटेल, आता तुटेल म्हणून मी वाट पाहिली. तो तुटला नाही. दोघं एकमेकांभोवती फुगडी घालू लागली, एकदा, परत एकदा, प्रत्येक फेरीला खाली, आणि शेवटी हातात हात घालून शिंगाड्याच्या वेलात शिरली. बोडीतून एक बुडबुडा आला. इंजिन बंद पडल्यावर इतकी शांतता झाली की खाट करकरली ती ऐकू आली.

खाटेवरून ताराचंदजी उठले होते. सकाळपासून ‘आपली हरकत नसल्यास’ म्हणणारा तो माणूस दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडला, “अरे बाप्पा! कायले वळवलं वो पोरी? त्यानं सोडलं कोठी होतं? तो सोडून राहिला होता ना!”

केतकी गोंधळून म्हणाली, “बाबा, तेच तर. ते म्हणाले, सोडून राहिलो. म्हणजे सोडलं ना?”

“सोडलं नाई वो! सोडून राहिलो म्हणजे सोडतोय! आता सोडतोय! हातात हाय अजून!” तिने वडिलांकडे असं पाहिलं, जणू हा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. तोवर ताराचंदजींनी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि “किसन, डोंगा आन गा इकडं!” म्हणत ते बोडीत उतरले. किसनला त्यांचं नाव माहीत नव्हतं, पण या सुरात हाक मारणारा माणूस परका नाही हे त्याला समजलं, आणि त्याने डोंगा आणला.

केतकी माझ्याकडे वळली. “म्हणजे त्या दिवशी फोनवर तुम्ही जेवून राहिलो म्हणालात, तेव्हा तुम्ही…”

“जेवत होतो.”

“रोज?”

“रोज.”

तिने तोंडावर हात ठेवला. हसू की रडू ते मला कळेना. मला स्वतःचंही कळत नव्हतं.

दोन्ही विमानं बाहेर आली ती वेलांच्या मुंडावळ्या बांधून. एक पंख मोडला होता, तो भिंगरीचा. सुटका तशीच मिटलेली, फास तसाच आत. केतकीने दोरी सरळ धरली, मी स्पोक ओढला आणि सगळ्यांसमोर तो अगदी सभ्यपणे सरकला, खट्. मग मी कच्चा धागा शोधला. त्या जागी पोती शिवायची सुतळी होती, दुहेरी, वर गाठ मारलेली. आई पुढे आली आणि कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, “तुटली का? नाई ना? तो कच्चा धागा मले दिसला सकाळी. म्हटलं, पाहुन्यासमोर असा फुसका धागा बरा दिसते का? मीच बदलला.”

केतकीने ती गाठ निरखून पाहिली.

बाबा मात्र उभे राहिले. भिंगरीतलं पाणी काढायला मी ती उलटी धरली होती. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, तेव्हा मला वाटलं, गेली, आता थेट भंगारात. त्यांनी ती खाटेवर उन्हात नीट ठेवली, आणि ताराचंदजींना म्हणाले, “जी, आमचं घर असंच हाय. पोट्टं भिंगरीपायी खाली निजते, त्याची माय धागे बदलते. तुमचं बी नुकसान झालं. तुमाले जमत नसंन तर तसं सांगा, आमी वाईट वाटून घेनार नाई.” ते एवढ्या मऊ आवाजात बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी मोडलेल्या पंखाकडे पाहत उभा होतो, कारण केतकीकडे पाहायची हिंमत नव्हती.

ताराचंदजी चिखलाच्या पायांनी धुऱ्यावर टेकले. हातातला शिंगाडा दातांनी सोलून त्यांनी खाल्ला. “किती सालानं खाऊन राहिलो,” ते स्वतःशीच म्हणाले. मग लेकीकडे मान वळवून, पुण्याचा मागमूसही न ठेवता त्यांनी विचारलं, “माह्यं सोड. तू का म्हनतेस वो पोरी?”

केतकी मोकळ्या झालेल्या दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या सुतळीकडे, आणि शब्द मनात जुळवून बघितल्यासारखी थांबून, अगदी स्पष्ट म्हणाली,

“हो म्हणून राहिले.”

आमच्या बोलीत याचा एक अर्थ होतो आणि तिच्या बोलीत दुसरा. त्या दिवशी आम्ही पहिला धरला. दुसराही खरा निघाला, ती हो म्हणाली आणि राहिली.